हात चालतात, पुस्तक का चालत नाही?

‘‘मॅडम, बंद पडलेला मिक्सर तासन्‌तास खोलून बसतो. विज्ञानाचं पुस्तक उघडलं की लगेच जांभया! पुढच्या वर्षी दहावी. सरळ आयटीआयला घालू का?’’

नववीतल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आयटीआय ही शिक्षा म्हणून द्यायची गोष्ट नाही, हे आधी सांगितलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात त्याचे संस्थापक डॉ. कलबागांनी 1983 पासून हातकामातूनच शिक्षण दिलं, तेही काही ‘ढ’ मुलांची सोय म्हणून नव्हे.

मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. अडखळला असता तर वाचनात काही अडचण आहे का, याच्या तपासणीला पाठवलं असतं, पण वाचन स्वच्छ होतं. मग समोर दोन सेल, वायर आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब ठेवले. एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडणी त्याने चुटकीसरशी केली. शेवटची वायर टेकवण्याआधी विचारलं, ‘‘कुठला जास्त पेटेल?’’

‘‘पहिला. दुसऱ्यापर्यंत करंट कमी पोचणार ना.’’

वायर टेकवली. दोन्ही सारखेच मिणमिणले. त्याने बल्बांची अदलाबदल केली, सेल उलटे घालून पाहिले. ‘‘असं कसं?’’ म्हणत पुस्तक स्वतःच ओढलं.

गंमत म्हणजे ‘धाराविद्युत’ शाळेत शिकवून झालं होतं आणि हीच जोडणी त्याच्या प्रयोगवहीत सुबक आकृतीसकट होती! सर टेबलावर करून दाखवतात, मुलं बघतात, निष्कर्ष फळ्यावरून उतरवून घेतात. अंदाज कुणी विचारतच नाही, मग तो चुकल्याचं कळणार कसं? नुसत्या ‘अ‍ॅक्टिव्हिटी’वर माझा म्हणूनच फारसा विश्वास नाही. त्यात मजा येते आणि घंटा झाली की विसरते.

त्याला क्रम ठरवून दिला: आधी अंदाज लिहायचा, मग करून बघायचं, मग कारण दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत. लिहायचा त्याला मनापासून कंटाळा. पण दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखीचे आणि 20 प्रात्यक्षिकाचे, त्यामुळे तिथे सूट नाही दिली. आईला एवढंच सांगितलं, टेबलावरच्या स्क्रूंवरून रोजची भांडणं बंद करा.

पुढच्या वेळी आईच म्हणाल्या, ‘‘विज्ञानाला बसतो हो आता. पण इतिहासाला कुठला बल्ब आणू?’’

नववीच्या इतिहासात 1960 नंतरचा भारत आहे आणि यांच्या घरात आजी आहेत. म्हटलं, 1972च्या दुष्काळात काय खाल्लं, कुठल्या कामावर गेलात, एवढं विचारून ये. आजी लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्यावर इतक्या बोलल्या की पठ्ठ्याने फोनवर रेकॉर्डच केलं.

बीजगणित मात्र अजून रडतखडत चाललंय. त्यासाठी गणिताच्या बाईंना भेटायला सांगितलंय.