होम्स मोकळा आहे, पण जिमी कोणाचा?

प्रश्न : शेरलॉक होम्सवरच्या नव्या मराठी कथांचा एक संग्रह मी संपादित करते आहे. आजच्या अकरा लेखकांनी एकेक कथा लिहून दिली. मुखपृष्ठ जाहीर केल्यावर आठवड्याभरात एका प्रकाशनसंस्थेच्या वकिलांची नोटीस आली. होम्सकथांचे जुने मराठी अनुवाद ते छापतात. 'मराठीतल्या होम्सचे सर्व हक्क' आपल्याकडे आहेत, पंधरा दिवसांत पुस्तक मागे घ्या, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू, असं त्यांचं म्हणणं आहे. अनुवादक हयात आहेत. आमच्या एका कथेत अ‍ॅगाथा ख्रिस्तींचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरोही पाहुणा म्हणून येतो. लेखकांशी लेखी करार नाहीत, फोनवरची संमती आहे. पुढचा संग्रह बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारवर करायचं मनात आहे. पुस्तक थांबवू का? – एक संपादिका

उत्तर : पुस्तक रद्द करू नका, पण छापखान्याला आज होकारही देऊ नका. नोटिशीसोबत अकराही कथा पाठवल्यात, हे फार बरं केलंत. नोटीस पाच पानांची आहे आणि तिच्यात दम कमी, दमदाटी जास्त आहे. फक्त चौथ्या पानावर एक ओळ अशी आहे, की तिच्यावरून तुमची नजर घसरलेली दिसते. तिच्याकडे येतोच.

आधी होम्स. आर्थर कॉनन डॉयल १९३० साली वारले. तेव्हाच्या नियमाने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट टिकायचा, म्हणजे भारतात तो ३१ डिसेंबर १९८० ला संपला. पुढे ५० ची ६० वर्षं झाली (रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली होती, त्याचं ते निमित्त), पण एकदा संपलेला हक्क त्या दुरुस्तीने परत आला नाही. इंग्लंडमध्ये मात्र मुदत वाढल्यावर तो काही वर्षांसाठी पुन्हा जिवंत झाला आणि २००० च्या अखेरीस कायमचा संपला. अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या. तेव्हा ई-बुक या देशांत विकायलाही डॉयल यांच्या वारसांची परवानगी लागत नाही.

तुमच्यासारखाच प्रसंग अमेरिकेत एका संपादकावर आला होता. लेस्ली क्लिंगर हे होम्सचे अभ्यासक, आणि व्यवसायाने वकील. आजच्या लेखकांकडून होम्सच्या नव्या कथा लिहून घेऊन त्यांनी सहसंपादक म्हणून एक संग्रह काढला. डॉयल यांच्या वारसांच्या संस्थेने परवान्याचे ५,००० डॉलर मागितले आणि प्रकाशकाने कटकट नको म्हणून ते देऊन टाकले. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी पुन्हा तीच मागणी आली, तेव्हा क्लिंगर स्वतःच कोर्टात गेले. तिथे तेव्हा शेवटच्या दहा कथांवरच हक्क उरला होता. त्या दहा कथांमुळे संपूर्ण होम्स आमचाच राहतो, असा संस्थेचा युक्तिवाद. २०१४ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड पॉझ्नर यांनी तो फेटाळला. जुन्या कथांमधून घडलेला होम्स सगळ्यांचा. त्या दहा कथांत जे नव्याने घातलं असेल तेवढंच राखीव. वर क्लिंगर यांच्या वकिलाच्या खर्चापोटी तीस हजारांहून जास्त डॉलर संस्थेने द्यावेत, असाही हुकूम झाला.

हा निवाडा आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. तरी सांगितला, कारण त्यातला तर्क तुमच्या नोटिशीला दोन्ही बाजूंनी लागू पडतो. मोकळं झालेलं पात्र मोकळंच, पण त्यावर नंतर कुणी चढवलेली भर ही त्या माणसाची.

आता अनुवाद. अनुवादाला स्वतंत्र कॉपीराइट असतो आणि तो अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मूळ कथा कितीही जुनी असली तरी अनुवादकाची वाक्यं त्याचीच राहतात. म्हणून नोटीसवाल्यांकडे काहीतरी हक्क नक्की आहे. पण तो त्यांच्या मराठी वाक्यांपुरता. होम्स, वॉटसन, बेकर स्ट्रीट, व्हायोलिन, पाहुण्याच्या बुटांवरच्या चिखलावरून त्याचा प्रवास सांगणं, यातलं काहीही त्यांचं नाही. इंग्रजीवरून उद्या तुम्ही नवा अनुवाद केलात तरी ते अडवू शकत नाहीत. 'वॉटसन' हे नाव असंच लिहायचं यावरही त्यांनी हक्क सांगितला आहे. तो परिच्छेद वाचून मी चहा बाजूला ठेवून हसलो.

आणि मग चौथं पान. 'आमच्या अनुवादकांनी निर्माण केलेलं जिमी हे पात्र.' जिमी म्हणजे होम्सच्या घरी बूट पुसणारा तो तोतरा पोरगा, जो साहेबांच्या आधी चोराचं नाव सांगून टाकतो आणि कुणी लक्ष देत नाही. डॉयल यांच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांमध्ये हा पोरगा कुठेही नाही. बिली नावाचा एक नोकर पोरगा आहे, रस्त्यावरच्या मुलांचा म्होरक्या विगिन्स आहे, पण जिमी नाही. जुन्या अनुवादकाने तो पदरचा घातला. तुमच्या अकरापैकी तीन लेखकांनी त्याला विश्वासाने उचललं, कारण त्यांनी लहानपणी होम्स त्याच पुस्तकांत वाचला होता. एका कथेत तर गुन्हा जिमीच उकलतो.

इथे नोटीस खरी आहे. आपल्या कायद्यात काल्पनिक पात्रासाठी वेगळं कलम नाही, पण ठसठशीत रेखाटलेल्या पात्राला कोर्टं संरक्षण देतात. नागराज या चित्रकथानायकाशी मिळताजुळता 'नागेश' दुसऱ्या प्रकाशनाने आणला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मनाई दिली. म्हणून नुसतं नाव बदलून भागणार नाही. जिमीचा बिली केलात आणि तोतरेपणा, बूट, आधीच सांगून टाकणं तसंच ठेवलंत, तर चोरी झाकली असं दिसेल, आणि ते जास्त वाईट. दोन कथांतून त्याला सहज काढता येईल. तिसरी लेखकाकडून नव्याने लिहून घ्या, किंवा अनुवादकांची लेखी परवानगी मागा. त्याआधी प्रकाशनाकडून हक्क हस्तांतराच्या कराराची प्रत मागवा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो (१९९५ च्या आधीच्या करारांचं गणित वेगळं). कदाचित हक्क कधीच अनुवादकांकडे परत गेलेले असतील आणि नोटीस पाठवणाऱ्यालाच हे ठाऊक नसेल.

पॉयरोला मात्र काढाच. अ‍ॅगाथा ख्रिस्ती १९७६ मध्ये वारल्या, म्हणजे भारतात ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत हक्क आहेत. अमेरिकेत पॉयरोची सुरुवातीची पुस्तकं मोकळी झाली आहेत, हे तुमच्या लेखकाने कुठेतरी वाचलं असणार आणि ते खरंही आहे. तिथे जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूपासून. २०२२ मध्ये ख्रिस्तींच्याच मिस मार्पल या पात्रावर बारा लेखिकांच्या नव्या कथांचा संग्रह आला, तो ख्रिस्तींच्या वारसांच्या परवानगीने.

मुखपृष्ठाबद्दल दोन ओळी. डॉयल यांचं नाव लेखक म्हणून छापू नका, 'आर्थर कॉनन डॉयल यांच्या पात्रावर आधारित नव्या कथा' असं लिहा. चित्र नव्याने काढून घ्या. कान झाकणारी टोपी होम्सकथांच्या जुन्या चित्रकाराची आहे, तो १९०८ मध्येच वारला, ती खुशाल वापरा. पण चेहरा अलीकडच्या मालिकेतल्या नटाचा नको.

फोनवरची संमती हा तुमच्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा आहे, नोटिशीहूनही. कथेचा मालक लेखकच. तुमचा हक्क निवड आणि मांडणीपुरता. प्रत्येकाकडून दोन पानी सहीचा करार घ्या : कोणते हक्क (छापील, ई-बुक, ध्वनी वेगवेगळे लिहा), किती वर्षं, कुठल्या देशांत, मानधन की रॉयल्टी. देशांचा उल्लेख राहिला तर हक्क भारतापुरतेच धरले जातात, आणि मग ई-बुक बाहेर विकता येत नाही. कथा स्वतःची आहे, कुणाच्या अनुवादातून उचललेली नाही, अशी हमीही त्यातच घ्या.

आता नोटिशीचं उत्तर. दिलेल्या पंधरा दिवसांत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने. जिमीला काढल्यावरच ते पाठवा आणि काढल्याचं त्यात नोंदवा. कॉपीराइट कायद्यातल्या फौजदारी कलम ६३ ला 'जाणूनबुजून' केलेलं उल्लंघन लागतं. सहा महिने ते तीन वर्षं शिक्षेचं हे कलम अजून तुमच्यावर येत नाही, पण नोटीस हातात पडल्यावर जिमी छापलात तर 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही. उत्तराच्या दिवशीच कोर्टात कॅव्हेट (आधी आमचं ऐका, असा अर्ज) दाखल करा. ते ९० दिवस टिकतं आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई हुकूम निघणं अवघड होतं. इतकं करूनही ते दावा न लावता नुसत्या धमक्या देत राहिले, वितरकांना फोन करत राहिले, तर कलम ६० आहे. उल्लंघन झालेलंच नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेता येतं, धमक्यांना मनाई मागता येते आणि नुकसानभरपाईही.

झुंजारचं उत्तर छोटं. बाबुराव अर्नाळकर १९९६ मध्ये वारले, हक्क ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत. आधी हक्कदारांना पत्र लिहा, लेखकांना फोन नंतर.