संघराज्य शिकायचंय? कृष्णेपासून सुरुवात कर

अभ्यासिकेत नवीन येणारी मुलं राज्यघटनेच्या कलम १ पासून घोकंपट्टी सुरू करतात आणि महिन्याभरात कंटाळतात. तू आधी सातवी अनुसूची काढ. संघ, राज्य आणि समवर्ती या तीन सूचींत अधिकारांची वाटणी आहे, उरलेले विषय कलम २४८ नुसार संसदेकडे. अमेरिकेत उरलेले अधिकार राज्यांकडे राहतात, हा फरक नीट लक्षात ठेव.

मग सांगलीचंच उदाहरण घे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढू लागली की घराघरांत अलमट्टीच्या विसर्गाची चौकशी होते. हे धरण कृष्णेवरच, पण खाली कर्नाटकात; पुराची धास्ती मात्र आपल्याला. पाणी राज्य सूचीत, नोंद १७. पण ही नोंद संघ सूचीतल्या नोंद ५६ च्या अधीन आहे, म्हणजे आंतरराज्य नद्यांबाबत संसद कायदा करू शकते. शिवाय कलम २६२ नुसार अशा तंट्यांत सर्वोच्च न्यायालयाचंही अधिकारक्षेत्र संसद कायद्याने वगळू शकते. त्यातूनच १९५६ चा जलविवाद कायदा आला आणि कृष्णेचा वाद लवादाकडे गेला. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. पुढे २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने अलमट्टीची उंची ५२४ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. आपल्याकडचा विरोध अजून शमलेला नाही, आणि मला तो रास्त वाटतो.

हे पक्कं झालं की कलम २८० चा वित्त आयोग, म्हणजे केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणारा आयोग, वाच. गाईड नको, मूळ मजकूरच वाच. अडलास तर संध्याकाळी विचार, मी असतो.