बर्ड्स हा साठच्या दशकातला अमेरिकन रॉक बँड ऐकायला सुरुवात करायचीय, 1967 चा ग्रेटेस्ट हिट्स पुरेल की सगळे अल्बम लागतील?

सुरुवातीला 1967 चा ग्रेटेस्ट हिट्सच घ्या, बिनधास्त. अकराच गाणी आहेत पण भरतीचं एकही नाही, पहिल्या चार अल्बममधला अर्क आहे आणि साधारण काळाच्या क्रमानेच लावलीयत, त्यामुळे 1965 च्या 'मिस्टर टॅम्बरीन मॅन'पासून दोन वर्षांत बँड कुठून कुठे गेला ते सलग ऐकताना आपोआप कळतं. बॉब डिलनचीच चार गाणी आहेत, लोकगायक पीट सीगरची चाल असलेलं 'टर्न! टर्न! टर्न!' आहे, आणि सगळ्यावर बँडच्या रॉजर मॅग्विनची बारा तारांची रिकनबॅकर कंपनीची गिटार, ती छनछन एकदा कानात बसली की जात नाही. 'एट माइल्स हाय' मात्र हेडफोन लावूनच ऐका, जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि आपले रविशंकर यांना बँडवाले तेव्हा सतत ऐकायचे आणि गिटारच्या त्या तुटक, धावत्या सोलोमध्ये कोल्ट्रेन तर स्पष्ट ऐकू येतो, माझ्या मते अख्ख्या रेकॉर्डमधलं सगळ्यात भारी गाणं तेच.

फक्त एक आहे, हे कलेक्शन 1967 लाच थांबतं. 1968 मध्ये गायक-गीतकार ग्रॅम पार्सन्स बँडमध्ये आल्यावर बँड कंट्री संगीताकडे वळला, त्यातलं यात काहीच नाही, त्यासाठी 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा अल्बम वेगळा ऐकावा लागेल. आणि सीडी घेणार असाल तर 1999 ची आवृत्ती बघा, तिच्यात तीन गाणी जास्तीची आहेत, बँडच्याच जीन क्लार्कचं 'सेट यू फ्री धिस टाइम' त्यातलंच.