वहीत चारच ओळी?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. परवा त्यांचा वर्ग दिवसभर मैदानात काठीची सावली मोजत होता. वहीत मात्र चारच ओळी. याला अभ्यास म्हणायचं का?

उत्तर : ताई, त्या चार ओळी पुन्हा नीट वाचा. तिसरी-चौथीला शिकवताना मीही दरवर्षी हा प्रयोग करते. १ मीटरची काठी सरळ रोवायची, दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि लांबी मोजायची. बरीच मुलं पट्टी शून्याऐवजी १ पासून लावतात. फळ्यावर कितीदाही समजवा, ही चूक जात नाही. शेजारणीचं माप नेमकं १ सेंटीमीटरने वेगळं आलं की मात्र लगेच जाते. यंदा एक मुलगा ठामपणे म्हणाला, बाराला सावली नाहीशी होणार. झाली नाही. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या खड्याशी सापडली, तेव्हा तो कितीतरी वेळ तिथेच उकिडवा बसून होता. घड्याळातले बारा आणि सूर्य सर्वांत उंच येण्याची वेळ एकच असते असं नाही, हे मी सांगण्याआधी त्याला दिसलं होतं.

आज लेकीला एवढंच विचारा : काठी तिरकी झाली तर माप का चुकेल? तिचं उत्तर मलाही कळवा.