सहा महिने पेठेत राहतेय, पण पायी हिंडण्यात लोकांना एवढं काय सापडतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की लातूरहून नोकरीसाठी पुण्यात येऊन सहा महिने झाले, शुक्रवार पेठेत बदामी हौदाच्या बाजूला खोली आहे, सकाळी गाडी काढायची ती रात्रीच लावायची. ऑफिसातले सगळे 'पेठांत पायी फीर' म्हणतात, पण तुम्हाला गर्दी, आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या आणि पडायला आलेल्या भिंती यापलीकडे काही दिसत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात खोटं काही नाही. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत तेवढंच दिसत होतं, आणि माझा तर जन्मच इथला.

माझ्या पायी हिंडण्याचं श्रेय माझ्या स्कूटरला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिच्या इंजिनाचं काम निघालं आणि गॅरेजवाल्याचं 'परवा नक्की देतो काका' सतरा दिवस चाललं. नेमकं त्याच वेळी कसब्यातल्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिच्याकडे रोज संध्याकाळी डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले येत नाहीत, आलेच तर तोंड वाकडं करून येतात. मग निघालो चालत. अकरा मारुती चौक, मंडई, बुधवार चौक, फरासखाना, कसबा. सतरा दिवस तोच रस्ता, हातात तोच चार पुडांचा डबा.

पहिले दोन दिवस नुसता चडफडलो. फुटपाथ म्हणून जे काही आहे त्यावर फळकुटं, गाड्या, पुतळ्यांना घातलेले कपडे आणि मधूनच उघडं गटार. पुण्यात 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवून लोकांना मोकळं चालू देतात. उरलेले 364 दिवस पादचाऱ्याने आपलं आपण बघायचं. त्यामुळे पेठेत फिरणं म्हणजे बागेत फिरणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी फरासखान्यापाशी पावसाची जोरदार सर आली. आडोशाला उभा राहिलो आणि करायला काहीच नव्हतं म्हणून समोर बघत बसलो. समोर दगडी बांधकाम होतं, त्यावर कोरलेली अक्षरं होती. या जागेवरून मी हजारो वेळा गेलो असेन. 'बाहुलीचा हौद' हे नावही लहानपणापासून कानावर होतं, पण ते बसस्टॉपचं नाव असावं तसं. तिथे खरोखर हौद आहे आणि त्यामागे एक मुलगी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

आत्याकडे पोचल्यावर विचारलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, पण जीभ शाबूत. म्हणाली, "अरे, जन्म गेला बँकेत सह्या तपासण्यात, आणि एवढ्या मोठ्या दगडावरचं वाचता येईना होय तुला?" मग तिने सांगितलं, आणि पुढे मीही थोडं वाचलं. डॉ. विश्राम रामजी घोले हे पुण्यातले नावाजलेले शस्त्रवैद्य, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. आपला घोले रोड आहे ना, तो त्यांच्याच नावाचा. त्यांनी आपल्या काशी नावाच्या लेकीला शिकवायला घेतलं. लाडाने तिला बाहुली म्हणायचे. मुलीला शिकवतात म्हणून नातलग चिडले, आणि असं सांगतात की कुणीतरी तिला खाण्यातून काचा घातल्या. वयाची दहा वर्षंही तिने पुरी केली नाहीत. तिच्या आठवणीसाठी बापाने 1880 च्या सुमारास हा हौद बांधला आणि त्याचं पाणी सगळ्या जातींना खुलं ठेवलं.

त्या रात्री परत येताना त्या दगडापाशी मी पुन्हा थांबलो. शेजारी एक जण मोबाइलची कव्हरं विकत होता. त्याला वाटलं मी गिऱ्हाईक आहे.

इथून माझ्या डोक्यात हौद शिरला. पेठांत हौदच हौद का, तर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजला तळी बांधून तिथलं पाणी जमिनीखालून दगडी नळाने शहरात आणलं. नळ म्हणजे आपल्या घरातला नळ नव्हे. काही ठिकाणी आत माणूस चालू शकेल असा बांधीव बोगदा. ना पंप, ना मोटार. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा खाली, तेवढ्या उतारावर पाणी येत राहिलं. हवा बाहेर पडायला मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले होते. वाटेत जिथे पाणी लोकांना द्यायचं तिथे हौद, आणि हौदाभोवती वस्ती. नळ घरात आले तसे हौद मागे पडले. काही बुजले, काहींचं पाणी वापरायला म्हणून उरलं, काहींचं फक्त नाव राहिलं. आता तुम्ही ऑनलाइन काही मागवताना पत्त्यात जे 'बदामी हौद' टाइप करता, ते या गोष्टीचं शेपूट आहे.

पण सगळ्यांनाच त्या हौदांवर जाता येत होतं असं नाही. म्हणून एका रविवारी वाट वाकडी करून गंज पेठेत फुल्यांच्या वाड्यावर गेलो. शाळेत असताना सहल गेली होती, त्यातला फक्त चिवडा आठवत होता. अस्पृश्यांना सार्वजनिक हौदावर पाणी भरू देत नव्हते, तेव्हा 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. पायी गेलं की कळतं, हे सगळे हौद एकमेकांपासून किती जवळ आहेत. पाणी हाकेच्या अंतरावर होतं आणि तरी नव्हतं. मला हे अंतर पायांनी कळलं, डोक्याने तर आधीच माहीत होतं.

येताना मंडईतून आलो. 1886 साली ही रे मार्केट म्हणून सुरू झाली, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने. जोतीराव नगरपालिकेत सभासद होते तेव्हा त्यांनी या बांधकामावर एवढा पैसा घालायला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणाकडे वळवा असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मधल्या मनोऱ्याखाली उभं राहून कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून घेताना मला याचं हसू येतं. मंडई बघायची तर सकाळी लवकर जा. गाळ्यावर भाजी रचणाऱ्या बायकांचे हात बघा. भेंडीची रास अशी लावतात की एक काढली तर सगळी घसरावी, आणि घसरत नाही.

पुणेरी पाट्यांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. त्यांचे एवढे फोटो तुमच्या फोनमध्ये येऊन पडले असतील की प्रत्यक्षात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. देवांची नावं मात्र जरूर विचारत जा. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर. पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणून पासोड्या विठोबा, हलवाई जिलब्यांची माळ घालायचा म्हणून जिलब्या मारुती, असं सांगतात. खरं किती, मीठमसाला किती, याच्या फंदात पडू नका. एका देवाच्या तीन गोष्टी तीन दुकानदारांकडून ऐकायला मिळतात आणि तिघेही शपथेवर सांगतात, त्यात जास्त गंमत आहे.

आत्याच्या घराच्या पुढे तांबट आळी. तिथे मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा आणि घरी येऊन बोलणी खावी लागायची. तुम्ही गेलात तर डोळ्यांआधी कानाने सापडेल. ठक्‌ठक्‌ठक्‌, मध्ये श्वासाएवढी विश्रांती, पुन्हा ठक्‌ठक्‌. पेशव्यांच्या काळी कोकणातून आलेली ही तांबटांची घरं. एका दारात उभा राहिलो. आजोबांच्या वयाचे एक कारागीर मांडी घालून बसले होते, तांब्याचं घंगाळ लोखंडी कांबीवर उलटं घातलेलं, डाव्या हाताने ते किंचित किंचित फिरवायचं आणि उजव्या हाताने हातोडी. याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याला नखाएवढा एक चपटा डाग उठतो, पुढचा ठोका त्याला खेटून, रांग पुरी झाली की वरची रांग. मी मोजायला लागलो आणि शंभरच्या पुढे चुकलो. ते मान वर न करता म्हणाले, "नक्षी वाटते ना? नक्षी नंतर. ठोकल्यावर पत्रा कडक होतो, चेपत नाही." मग घंगाळ दिव्याकडे धरलं. एकेका डागात एकेक दिवा दिसत होता. आमच्या घरी माळ्यावर आजीच्या वेळचा बंब पडलाय, तो भंगारात द्यायचं चाललं होतं. तो त्या रात्री वाचला. उगाच मोठेपणा नको, वापरात आलेला नाहीच. बायको त्यात कुंडी ठेवते.

आणखी एक गोष्ट गाडीवरून कधीच कळत नाही, ती म्हणजे उतार. स्कूटरला पेठा सपाट आहेत. पायांना नाहीत. एकदा रविवार पेठेतून सोमवार पेठेत जाताना पोटऱ्यांना जाणवलं की आपण खाली उतरतोय, आणि थोड्या वेळाने पुन्हा चढतोय. मधल्या खोलगट जागेला दारूवाला पूल म्हणतात. मी आयुष्यभर त्याला चौक समजत होतो! खाली नागझरी आहे, दोन्ही बाजूंनी भिंतींत कोंडलेली, वास येतो म्हणून लोक नाक दाबून पुढे जातात. पण कधीकाळी जुन्या गावाची ही कड होती, आणि तुमची पावलं अजून त्या ओढ्याच्या काठाने उतरतात. पुलाचं 'दारू' शोभेच्या दारूचं, असं तिथले म्हातारे सांगतात; भलतं काही मनात आणू नका.

त्याच नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. मला ते सापडलं रस्ता चुकून. आतल्या गणपतीला तीन सोंडा, बसलाय मोरावर. पण मी अर्धा तास बाहेरच उभा होतो. 1754 साली बांधायला घेतलेलं हे देऊळ, अख्खी दर्शनी भिंत काळ्या दगडात कोरलेली, आणि त्यात एका जागी चक्क गेंडा! त्याला साखळदंडाने बांधणारे टोपीवाले गोरे शिपाई. पुण्यात गेंडा कुठून आला आणि पाथरवटाने तो कुणाच्या सांगण्यावरून कोरला, यावर शेजारच्या चहावाल्याशी माझा अजून वाद चालू आहे. माझ्या मते तो गेंडा म्हणजे इंग्रजांनी जिंकलेला बंगाल. त्याच्या मते गेंडा म्हणजे गेंडा.

आता तुमचं. एका दिवसात 'पेठा करून टाकू' म्हणून निघू नका, पाय दुखतील आणि हाती काही लागणार नाही. काहीतरी काम घेऊन निघा: कोथिंबीर, चपलेला टाका, कुणाचा डबा. हातात पिशवी असली की लोक तुम्हाला इथलं समजतात आणि बोलतात. कॅमेरा असला की गप्प होतात. एकदा मी फोन पुढे धरून एका वाड्याच्या चौकात शिरलो, तर वरून आजीबाईंचा आवाज आला, "प्रदर्शन आहे का हे?" बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दारातून विचारलं, तर आत बोलावून चहा दिला आणि वाड्यातली विहीर दाखवली. कानात ते हेडफोन घालू नका, नाहीतर तांबट आळी समोरून निघून जाईल. तोच रस्ता पुन्हा पुन्हा धरा. मला जे दिसलं त्यातलं पहिल्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं. रविवारी सकाळी साडेसहाला निघालात तर दुकानांची शटर बंद असतात, आणि तेव्हाच वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे नीट दिसतात. एरवी मान वर केली तर खालून कुणीतरी आरशाने धडक देतं. पडके वाडे आज आहेत तोवर बघून घ्या. आमच्या गल्लीतले दोन याच दोन वर्षांत गेले. बुधवारातला भिडे वाडा, जिथे 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तोही डिसेंबर 2023 मध्ये पाडला. तिथे स्मारक होणार आहे, चांगलंच आहे. पण तो उभा असताना मी समोरून रोज जायचो आणि माझं लक्ष दगडूशेठच्या रांगेकडे असायचं.

स्कूटर अठराव्या दिवशी आली. आत्याची पट्टीही सुटली. तरी दर गुरुवारी डबा जातो आणि मी चालतच जातो. आत्याला वाटतं तिच्या प्रेमाखातर, आणि ते तसं खोटंही नाही.

बदामी हौद नेमका कुठे, हे मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या घराखाली किराणावाला असेलच. उद्या साखर घ्यायला गेलात की त्याला विचारा, "काका, हा हौद कुठला हो?" त्याला सांगता आलं नाही तर तो दुकानातूनच पलीकडच्या कुणाला तरी हाक मारेल. काय कळलं ते इथे खाली लिहा.