सोलापुरात राहून सरकारी रोखे थेट विकत घेता येतात का?

होय, सरकार कर्ज उभारण्यासाठी जे रोखे काढते, ते घेण्यासाठी मुंबई गाठण्याची किंवा दलाल शोधण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेत पॅन आणि बचत खात्याच्या आधारे घरबसल्या विनाशुल्क खाते उघडता येते आणि रोख्यांच्या लिलावात, परताव्याचा दर स्वतः न सांगता, किमान १०,००० रुपयांची बोली लावता येते. दर सहामाहीला व्याज जमा होते (माझ्या पासबुकात ती नोंद बिनचूक दिसते), मात्र ते करपात्र असते. खरी अडचण मुदतीआधी विकताना येते, कारण छोट्या रकमेला गिऱ्हाईक चटकन मिळत नाही आणि दरम्यान व्याजदर वाढलेले असतील तर रोख्याची किंमत उतरते. पुढच्या वर्षी मजरेवाडीत घर बांधायचे असेल, तर तो पैसा तीस वर्षांच्या रोख्यात गुंतवू नये. त्यापेक्षा ३६४ दिवसांचे ट्रेझरी बिल (सरकारचाच अल्पमुदतीचा रोखा) बरे.