आडव्या वाऱ्यात ट्रेलर ओढायचा, तर अँटी-स्वे हिच कुठला घ्यावा?

प्रश्न: डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला 20 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन लॅरमीमार्गे आय-80 ने जायचंय. वायोमिंगमध्ये ताशी 40 मैलांचा वारा सांगितलाय. कुठला अँटी-स्वे हिच (डोलणं रोखणारी, ट्रेलर गाडीला जोडायची जोडणी) घेऊ? आणि ट्रेलर डोलायला लागला की गॅस दाबायचा, सरळ येतो, हे खरं का?

उत्तर: आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण हा सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं. नाही, सरळ येत नाही. इथल्या प्रत्येक मराठी कॅम्पिंग ग्रुपमध्ये एक तरी दादा असतो, जो "गॅस दे, ताण बसला की येतो लायनीवर" असं छातीठोकपणे सांगतो. पण वेग वाढतो तसं डोलणं आपोआप विरायचं कमी होतं, आणि एका वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा येतो. दादा तुम्हाला त्याच वेगाकडे पाठवतोय.

स्टिअरिंग सरळ धरा. हेलकाव्याच्या उलट फिरवायला गेलात तर हात उशिरा पोचतो आणि पुढच्या हेलकाव्याला जोरच देतो. गॅसवरून पाय काढा, गाडीचा ब्रेक दाबू नका, आणि ब्रेक कंट्रोलरची (ड्रायव्हरजवळ बसवलेलं, ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे धरतो, गाडी पुढे ओढते, दोघं एका रेषेत येतात. ताण हवा होता ना, तो असा मिळतो. निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा. नजर रस्त्यावर ठेवून बोटं त्या कळीवर गेली पाहिजेत.

आता भार, कारण हिचवर तो कमी पडला की ट्रेलर जास्त डोलतो. हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के यायला हवेत, म्हणजे 5,000 पौंडांना 500 ते 750. घरचा वजनकाटा पुरतो: काटा आणि त्याच उंचीची वीट 3 फुटांवर ठेवा, वर जाड फळी टाका, काटा शून्यावर आणा आणि ट्रेलरचा जॅक (हिचजवळचा टेकू) विटेपासून 1 फुटावर टेकवा. येईल त्या आकड्याची तिप्पट करा. समजा तिप्पट करून 550 आलं, छान. मग कोणीतरी मागच्या बंपरला दोन ई-बाइक्स लटकवतं, रॅकसकट 150 पौंड. एक्सलच्या मागे 10 फूट, आणि हिच एक्सलच्या पुढे 15 फूट, तर हिचवरचे 100 पौंड गेले. उरले 450, 9 टक्क्यांच्याही खाली. बाइक्स गाडीत घाला. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर तीही भरून नेऊ नका. 40 गॅलन म्हणजे 330 पौंड.

तुमच्या ट्रेलरची बाजू साधारण 160 चौरस फूट धरा. ताशी 40 मैलांचा आडवा वारा तिच्यावर ढोबळमानाने 650 पौंडांचा रेटा देतो, 60 चा झोत जवळजवळ 1,500. वारा दीडपट, जोर सव्वादोनपट. म्हणून अंदाजात सरासरी वारा बघू नका, झोतांचा आकडा बघा.

लॅरमी सोडलं की आर्लिंग्टन, एल्क माउंटनपर्यंत रस्ता वायव्येला जातो आणि वारा बहुतेक नैऋत्येकडून, म्हणजे थेट तुमच्या डाव्या अंगावर. तुम्ही नकळत स्टिअरिंग डावीकडे धरून चालवत असता. डावीकडून मोठा ट्रक ओव्हरटेक करायला येतो. आधी त्याच्या नाकापुढची हवा तुम्हाला उजवीकडे ढकलते. मग त्याचा डबा तुमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये येतो, वारा एकदम पडतो, आणि डावीकडे धरलेली गाडी ट्रककडेच झुकते. दोन सेकंदांत ट्रक पुढे जातो आणि सगळा वारा परत अंगावर. डोलणं सुरू होतं ते इथेच. आरशात ट्रक दिसला की आधीच 50 वर या, लेनमध्ये थोडं उजवीकडे सरका, आणि तो शेजारी आल्यावर स्टिअरिंग जरासं सैल करा. डोंगर कापलेल्या भागातून बाहेर पडतानाही हाच झटका बसतो.

मोठा पिकअप घेतला की प्रश्न मिटला, हेही दादांचंच. पिकअप जड असेल, ट्रेलरची बाजू तेवढीच राहते. आणि "रिकामाच तर आहे" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, रिकामा ट्रेलर आधी उलथतो. वायोमिंगचं हायवे खातं हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद करतं, तेव्हा तुम्ही दोन्हीत बसता. 511 ही रस्त्यांची स्थिती सांगणारी सेवा बघा, बंद असेल तर लॅरमीत मुक्काम करा. मेडिसिन बोवरून जाणारा यूएस-30 थोडा लांब पडतो. तोही उघडा आहे का ते तिथेच कळेल.

यू-हॉलसारख्या कंपनीचा भाड्याचा सामानाचा ट्रेलर असेल तर कंट्रोलरची कळ बहुधा नसतेच. मग फक्त गॅस सोडायचा, स्टिअरिंग सरळ. यू-हॉलची मर्यादा ताशी 55 मैल आहे, ती पाळा.

हिचचं राहिलंच. वेट डिस्ट्रिब्यूशनबरोबर ज्यात स्वे कंट्रोल आहे असा घ्या. नुसतं वेट डिस्ट्रिब्यूशन पुढच्या चाकांवर वजन परत आणतं, डोलणं थांबवत नाही. साधा फ्रिक्शन बार (घर्षणाने डोलणं रोखणारी दांडी) असेल तर बर्फात आणि निसरड्यावर सैल करून ठेवा. कुठल्या कंपनीचा, ते तुमच्या बजेटवर.